धरणाच्या गावचे तहानलेले पाहुणे

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याची गोष्ट काढणारा माणूस अरसिक खरा. फराळाचे ताट पुढे आहे, अंगणात आकाशकंदील डोलतो आहे, मुले फटाक्यांवरून भांडत आहेत, आणि हा शाळामास्तर एप्रिलच्या उन्हाचे गाऱ्हाणे घेऊन बसला, असे कुणी म्हटले तर माझी तक्रार नाही. पण वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण सर्वांनी अभ्यंगस्नान केले ना? उटणे लावले, कारीट फोडले, गरम पाण्याचे तांबे एकामागून एक डोक्यावर घेतले. आपण मुंबईचे रहिवासी असाल, तर ते पाणी बहुधा माझ्या तालुक्यातून आले होते. तेव्हा आपल्या बादलीत डोकावून दोन शब्द बोलण्याचा माझा थोडा हक्क आहे, तो मी सणाच्या दिवशी वापरतो आहे इतकेच.

मी शहापूर तालुक्यातला. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, कसाऱ्याच्या घाटाखाली हा आमचा डोंगराळ मुलूख. पावसाळ्यात इतका पाऊस पडतो की शाळेच्या भिंतींना शेवाळ चढते आणि पुस्तकांना बुरशी. तानसा धरण आमच्याच तालुक्यात आहे, भातसा धरणही आमच्याच तालुक्यात. मोडकसागर आमच्या शिवेवर, मध्य वैतरणा शेजारच्या मोखाड्यात आणि ऊर्ध्व वैतरणा घाट चढून गेले की इगतपुरीत. मुंबईला पाणी पुरवणारे तलाव सात. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोन धाकटे मुंबईच्या पोटात आहेत. उरलेले पाच थोरले आमच्या अंगाखांद्यावर. आणि तरीही चैत्र उजाडला की आमच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण कुणा कवीने सुचवलेली नाही, ती आमच्या बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांतून खाली उतरली आहे.

ह्या मुलखातल्या बावीस मुलांना घेऊन मी आणि आमच्या शाळेतल्या एक बाई गेल्या एप्रिलच्या अखेरीस मुंबई बघायला गेलो, त्याची ही हकीकत. हकीकत सांगून मी थांबणार नाही, भांडणारही आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाची फसगत व्हायला नको.

उन्हाळ्यात कशाला गेलात, असे आपण विचाराल. शहरातल्या शाळांच्या सहली डिसेंबरात निघतात हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्याकडे भात झोडून झाले की निम्मे आईबाप वीटभट्ट्यांवर जातात, ते थेट उन्हाळा सरताना परततात. मुले आजीजवळ राहिली तर शाळेत येतात, नाहीतर तीही भट्टीवर जातात. त्यांना शाळेत टिकवायला मी दर वर्षी एक लालूच दाखवतो: वार्षिक परीक्षेपर्यंत जो राहील त्याला मुंबई दाखवीन. लालूच म्हणा, लाच म्हणा. ह्या वर्षी बावीस जण राहिले. दिलेला शब्द मास्तराने मोडायचा नसतो, मग ऊन असो की वणवा.

आदल्या दिवशी पाड्यावर टँकर आला होता, त्यामुळे मुलांनी आपापल्या बाटल्या भरून घेतल्या होत्या. सकाळी आसनगावला कसाऱ्याहून येणारी गाडी धरली. दोन तास उभ्याने प्रवास झाला, पण कुणी कुरकुरले नाही. कल्याण आले तेव्हाच निम्म्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. पोरांचे वयच तसे, हातात काही असले की ते संपवल्याशिवाय चैन पडत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो तेव्हा सगळे तोंड वर करून घुमटाकडे पाहत राहिले. आमच्याकडचे ऊन भाजते, मुंबईचे ऊन उकडते. अकरा वाजेपर्यंत सदरे पाठीला चिकटले आणि सगळ्या बाटल्या कोरड्या पडल्या.

मग सुरू झाला पाण्याचा शोध. एका स्थानकाच्या फलाटावर नळांची रांग होती. चार नळांपैकी तीन कोरडे, चौथ्याच्या तोंडाला चिंधी बांधलेली. शेजारीच थंड बाटल्यांचे दुकान मात्र लखलखीत. एका खानावळीत विचारले तर पोऱ्याने माझ्याकडे आणि माझ्यामागच्या रांगेकडे पाहून विचारले, "किती बाटल्या देऊ?" मी म्हणालो, "साधे पाणी नाही का?" तो म्हणाला, "जेवणार असाल तर आहे." आमच्या भाकऱ्या आमच्याजवळ होत्या. वीस रुपयांची एक बाटली. आम्ही चोवीस जण. एकदा घसा ओला करायचा तर चारशे ऐंशी रुपये. सहलीचा माझा सगळा हिशेब पाण्यातच बुडाला असता. बारा बाटल्या घेतल्या आणि दोघांत एक अशी वाटणी केली. मुले गप्प होती. पैसे देऊन पाणी घ्यायचे असते हे त्यांच्यापैकी पुष्कळांना त्या दिवशी प्रथमच कळले. शिक्षणाची सहल ती हीच.

पुढे एका उंच इमारतीच्या फाटकाशी सावली पाहून थांबलो. आत हिरवळीवर पाण्याचे फवारे उडत होते. मी रखवालदाराला म्हणालो, "भाऊ, मुलांना एवढे पाणी भरून घेऊ द्याल का?" तो म्हणाला, "सोसायटीचा नियम हाय, गुरुजी. बाहेरच्याला नळावर सोडता येत न्हाई." मग जरा थांबून त्याने विचारले, "कुठली पोरं?" मी गाव सांगितले. तो बीडकडचा निघाला. म्हणाला, "आमच्याकडं बी टँकरच हाय." आणि इकडेतिकडे बघून त्याने मुलांच्या हातांतल्या बाटल्या चार-चार करून आत नेल्या आणि भरून आणल्या. पाच-सहा खेपा केल्या बिचाऱ्याने. मुंबई कुणाला उपाशी ठेवत नाही, असे म्हणतात. त्या दिवशी मुंबईने आम्हाला तहानलेलेही ठेवले नाही. पण ज्याने पाणी दिले तो स्वतः दुष्काळी गावचा होता आणि नियम मोडून देत होता, हे लक्षात ठेवा.

उन्हे कलल्यावर आम्ही मलबार हिलवर हँगिंग गार्डनमध्ये गेलो. मुलांनी झुडपांचे कातरलेले प्राणी पाहिले, खाली चौपाटीचा वळसा पाहिला, टाळ्या पिटल्या. तिथे मी, मास्तरच शेवटी, धडा द्यायला उभा राहिलो. त्यांना सांगितले की ह्या बागेच्या खाली पाण्याची प्रचंड टाकी आहे. एकोणिसाव्या शतकात ती बांधली आणि तिच्या पाठीवर माती पसरून ही बाग केली. दक्षिण मुंबईला पाणी इथून जाते. आपल्याकडच्या धरणांचे पाणी मोठमोठ्या नळांतून शंभर-शंभर किलोमीटर येते आणि शहराच्या अशा टाक्यांत साठते.

सहावीतली एक मुलगी होती. तिचे आईबाप भट्टीवर, ती आजीजवळ राहते. तिने पायाखालच्या हिरवळीकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, खाली एवढं पानी हाय, तर मघा आपन इकत का घेतलं?"

बावीस तोंडे माझ्याकडे वळली. वाचकहो, मी काही मोठा विद्वान नाही. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांतल्या एकीचा नायक गाव सोडून मुंबईला येतो आणि पहिल्याच प्रकरणात रस्त्यावरच्या नळाला तोंड लावून पोटभर पाणी पितो. ते प्रकरण आज मला खोडावेसे वाटते. पण वर्गात उत्तर येत नसले की मास्तर म्हणतो, "उद्या सांगतो." तसेच मी त्या मुलीला म्हणालो. तो उद्या आज उजाडला आहे. तिला द्यायचे उत्तर मी ह्या पानांवर शोधतो आहे.

पहिली गोष्ट, मुंबई नेहमी अशी नव्हती. हे शहर बेटांचे, गोड्या पाण्याला पारखे. विहिरी आणि तलाव आटले की माणसे पाण्यासाठी रात्र-रात्र जागत. १८६० साली विहारचे पाणी नळाने आले, १८७९ साली तुळशीचे, १८९२ साली तानसाचे. नळ आले तसे शहराने काय केले? वाटसरूची आठवण ठेवली. चौकाचौकांत दगडी पाणपोया उभ्या राहिल्या, त्यांना मुंबईकर 'प्याऊ' म्हणतात. कावसजी जहांगीर रेडीमनी ह्या पारशी दात्याने शहरात चाळीसेक पाणपोया बांधवल्या. भातबाजारात १८७६ सालचे केशवजी नाईक ह्यांचे कारंजे आहे. फोर्टात रतनसी मुळजी जेठा ह्यांनी तरुणपणी गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी १८९४ साली कारंजे बांधले. मुलगा गेला म्हणून बापाने परक्यांच्या पोरांना पाणी पाजले! माणसाने दुःखाचे पुण्य करावे ते असे. बंदरावरचा हमाल, गिरणीतला कामगार, बैलगाडीचे बैलसुद्धा त्या पाण्यावर दुपार काढीत.

त्या पाणपोयांचे पुढे काय झाले हे मुंबईकराला सांगायला नको. बहुतेक आटल्या. कुणाच्या आडोशाला दुकान थाटले, कुणाच्या कुंडीत कचरा साठला. अलीकडे काही जाणत्या माणसांच्या खटपटीने आणि पालिकेच्या पैशाने त्यांतल्या काहींची डागडुजी झाली, हे मान्य केले पाहिजे आणि त्यांचे कौतुकही केले पाहिजे. पण स्मारक म्हणून दगड जपणे निराळे आणि वाटसरूला पाणी देणे निराळे. शहराने दगड धुऊन काढला, रीत मात्र पुन्हा सुरू केली नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, पण ती टाळली तर मी त्या मुलीशी खोटे बोलेन. जुन्या पाणपोयांचे गोडवे गाताना आपण हे विसरू नये की ह्या देशात सार्वजनिक पाण्याला सगळ्यांचे हात लागू दिले जात नव्हते. १९२३ साली सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव कागदावर राहिला. म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. ते पाणी प्याल्याने आपण अमर होणार आहोत असे कुणाला वाटत नव्हते. माणूस म्हणून आपला हक्क सिद्ध करायचा होता. त्या अन्यायाची आणि माझ्या बारा बाटल्यांची बरोबरी मी मुळीच करीत नाही. तो अन्याय शतकांचा होता आणि त्याची जखम वेगळी आहे. पण एवढे म्हणतो की ज्या मराठी मुलखात पाण्यावरच्या हक्कासाठी इतका मोठा लढा झाला, त्याच मुलखात सार्वजनिक पाणवठा मुकाट्याने नाहीसा व्हावा आणि त्याच्या जागी दुकान यावे, हे लाजिरवाणे आहे. पूर्वी तळ्यावर जात पहारा देत होती, आता नळावर किंमत पहारा देते. पहारेकरी बदलला, तहानलेला बहुतेक वेळा तोच राहिला.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. भांडणात समोरच्याला बोलू द्यावे, असे आम्ही वर्गात शिकवतो.

पहिला म्हणतो, "गुरुजी, मुंबईची वस्ती कोटीच्या वर. एवढ्या माणसांना पाणी लागणारच. तुमच्या तालुक्यावर डोळा ठेवून कुणी धरणे बांधली नाहीत." कबूल. मुंबईला पाणी देऊ नका असे म्हणणारा मी नव्हे. माझे दोन भाचे तिथे राहतात, माझ्या पुस्तकांचे प्रकाशक तिथे आहेत, आमच्या गावची निम्मी तरुण मंडळी तिथे पोट भरतात. मुंबई वाळावी असे कुणा मराठी माणसाला वाटेल? पण आकडे मांडू. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी येते. आमच्या शहापूर तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या वर होती. आज चार लाख धरा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी ठरवून दिले आहे. चार लाखांना पंचावन्नाने गुणा: २ कोटी २० लाख लिटर. म्हणजे मुंबईला जाणाऱ्या शंभर लिटरमागे अर्ध्या लिटरहून किंचित अधिक. एवढ्या पाण्यात आमचा सगळा तालुका, शेवटच्या पाड्यापर्यंत, न्हाऊन-जेवून सुखी होईल. आणि मुंबईच्या नळांतून गळती नि चोरी मिळून चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक पाणी वाया जाते, हे वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येते. तुम्ही जे सांडता त्याच्या एका कोपऱ्यात आम्ही मावतो.

सरकारी कागद मी अजून एकदा वाचतो. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, महानगरात १५०. खेड्यातल्या माणसाला ५५. हे प्रमाण कुणी कसे काढले? खेड्यातला माणूस कमी घामेजतो? त्याच्या धोतराला कमी मळ लागतो? त्याच्या दारात गाय-बैल नाहीत? चैत्रातल्या उन्हात राबणाऱ्याला पंचावन्न आणि पंख्याखाली बसणाऱ्याला दीडशे, हा कुठला त्रैराशिकाचा हिशेब? आम्हाला शहरी माणसाइतके, १३५ लिटर द्यायचे म्हटले तरी ५ कोटी ४० लाख लिटर होतात. शंभर लिटरमागे दीड लिटरही नाही. तेवढ्याने मुंबई तहानलेली राहत असेल, तर मी माझी लेखणी मोडून ठेवीन.

दुसरा म्हणतो, "पण धरणे महापालिकेने आपल्या पैशाने बांधली." अर्धे खरे आहे. तानसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा पालिकेची. ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा राज्य सरकारची, आणि मुंबईचे सुमारे निम्मे पाणी एकट्या भातसातून येते. पण वादासाठी धरू की सगळे मुंबईने बांधले. भिंत तुमची, मान्य. पाऊस कुणाचा? डोंगर कुणाचे? बुडालेली भातशेती कुणाची? शेजाऱ्याच्या आंब्याला कुंपण घातले म्हणून आंबा कुंपण घालणाऱ्याचा होत नाही. मोडकसागराला ज्यांचे नाव दिले त्या नानासाहेब मोडकांसारख्या अभियंत्यांचे कर्तृत्व मोठेच होते. मी त्यांच्या भिंतीपुढे मान लववतो. पण सिमेंट ओतणारे अभियंते असले तरी पाट्या वाहणारी माणसे आमची होती. ज्या मुलीने मला प्रश्न विचारला, तिच्या आजीने तरुणपणी भातसाच्या कामावर डोक्यावरून माती वाहिली आहे. आज ती चैत्रात हंडा घेऊन झऱ्यावर बसते आणि वाटी-वाटीने पाणी भरते.

तिसरा शास्त्रीय पेच टाकतो. "तुमचे पाडे उंचावर, धरण खोलात. पाणी वर चढवायला वीज लागते, खर्च परवडत नाही." ह्या उत्तराने आम्हाला फार वर्षे गप्प बसवले आहे. मीही ते खरे मानत होतो, मलबार हिलवर उभा राहीपर्यंत! अहो, तो डोंगरच आहे की. त्याच्या माथ्यावर पाणी चढले ते काय दिंडीत चालत चढले? मुंबईत चाळिसाव्या मजल्यावर न्हाणीघरात पाणी पडते, तिथे वीज परवडते. उंची दोन्हीकडे आहे, फरक उंचीवर राहणाऱ्यात आहे. इगतपुरीच्या भावली धरणातून आमच्या गावांना उताराने पाणी आणायची योजना काही वर्षांपूर्वी सरकारने मंजूर केली, हे चांगले झाले. म्हणजे उपाय होता, तो सापडतही होता. तानसानंतर तो मंजूर व्हायला सव्वाशे वर्षे लागली एवढेच. आणि मंजुरी हा तहानेवर उतारा नव्हे, उतारा पाणी.

चौथा म्हणतो, "टँकर तर पाठवतो ना सरकार?" पाठवते. ज्याच्या अंगणातली विहीर शेजाऱ्याने नेली, त्याला शेजाऱ्याने रोज एक तांब्या धाडावा आणि उपकार मोजावेत, त्यातला हा प्रकार. वाटेवरच्या काही गावांना मुंबईच्या नळातून थोडे पाणी मिळते, हेही मी लपवीत नाही. पण ज्यांच्या शेतावरून ते अजस्र काळे नळ जातात, त्यांपैकी कित्येकांना ते नळ फक्त मुलांना घसरगुंडी म्हणून उपयोगी पडतात.

आणि ह्यापुढचे ऐका. वाडा तालुक्यात गारगाई नदीवर आणखी एक धरण बांधायचा बेत आहे. त्यासाठी सहा गावे उठतील, तानसा अभयारण्याच्या रानातली झाडे लाखांनी जातील. २०२३ साली मलबार हिलच्या त्याच टाकीचे नवे बांधकाम करायचे ठरले तेव्हा तिथल्या रहिवाशांनी आपल्या झाडांसाठी आवाज उठवला. योग्यच केले. झाड कुठलेही असो, त्याच्यासाठी बोलणारा माणूस मला आपला वाटतो. पण त्याच मंडळींना मी विचारतो, तुमच्या टाकीवरच्या शेकडो झाडांसाठी तुमचा जीव तुटला, तर त्या टाकीत येणाऱ्या पाण्यासाठी पडणाऱ्या लाखोंसाठी एखादा सुस्कारा तरी टाकाल का? आधी गळके नळ सांधा, गच्चीवरचे पावसाचे पाणी अडवा, सांडपाणी शुद्ध करून बागांना घाला, मग आमच्या डोंगराकडे बघा. घरातल्या मडक्याला भोक आहे म्हणून कुणी दुसरी विहीर खणत नाही.

रागाच्या भरात मी पुष्कळ बोललो. पण तो दिवस रागाचाच होता असे नाही. परतीच्या वाटेवर आम्ही हुतात्मा चौकात थांबलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी पडलेल्या हुतात्म्यांची गोष्ट मुलांना पुस्तकातून ठाऊक होती. तिथल्या स्मारकावर दोघांनी मिळून एक मशाल धरली आहे. मी विचारले, "हे दोघे कोण?" एक मुलगा म्हणाला, "एक कामगार, एक शेतकरी." बरोबर होते. मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती ह्या दोघांच्या हातांनी, १९६० साली. मशाल दोघांनी धरली. मग तांब्या एकाच्याच हातात का?

रात्री गाडीत मुले एकमेकांच्या खांद्यावर डोके टाकून झोपली. ती मुलगी मात्र मांडीवर बाटली घट्ट धरून बसली होती. रखवालदाराने भरून दिलेली ती बाटली तिने अर्धीच प्यायली होती. म्हणाली, "आजीला दावते मुंबईचं पानी." दुसऱ्या दिवशी शाळेत मी विचारले, "काय म्हणाली आजी?" ती म्हणाली, "काय नाय. माठात वतलं. टँकर परवा येनार हाय."

वाचकहो, माझे मागणे तीन ओळींचे आहे. धरण ज्या तालुक्यात, त्या तालुक्याच्या शेवटच्या पाड्याला नळ आधी, शहराचा हिशेब मग. हा नियम कायद्याच्या पुस्तकात यावा. शहरातल्या प्रत्येक स्थानकावर, बागेत आणि बाजारात पिण्याच्या पाण्याचा फुकट आणि चालता नळ असावा, आणि तो बंद पडला तर दिवा विझल्यासारखी ओरड व्हावी. ही दोन कामे सरकारची आणि पालिकेची. आपली मते त्यांना हवी असतात, तेव्हा विचारायला विसरू नका.

तिसरे मागणे मात्र थेट आपल्याकडे आहे. अक्षय्यतृतीयेला आपल्याकडे उदककुंभाचे दान देतात, पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घडा. ही रीत ज्याने घातली त्याला चैत्र-वैशाख काय असतो ते कळत होते. येत्या उन्हाळ्यात आपल्या इमारतीच्या फाटकाबाहेर एक माठ ठेवा. वर झाकण, ओगराळे, आणि रोज ताजे पाणी. सोसायटीच्या सभेत ठराव करावा लागेल, कुणी आडवे बोलेल, कुणी माश्या-डासांचे कारण काढील. तरी ठेवा. म्हणजे एखाद्या रखवालदाराला पाणी देण्यासाठी नियम मोडावा लागणार नाही.

मी पुढच्या एप्रिलला पुन्हा येणार आहे. पोरांना शब्द दिला आहे. रिकाम्या बाटल्या घेऊन येऊ.